मदत हवी आहे : विपश्यना आणि घरातला हरिपाठ

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात गेल्या महिन्यात 10 दिवसांचं शिबिर केलं. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वासाकडे पाहणं, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणं. गुडघे ठणकत होते, पण दुखणंही उठतं आणि विरतं, हे तिथे पहिल्यांदा अंगावर कळलं. बुद्धांचा ‘अनिच्च’, म्हणजे अनित्य, हा शब्द तोवर नुसता वाचलेला होता. आता मुलावर ओरडायच्या आधी छातीतली धडधड जाणवते, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर राग थांबतो. हे मला गमवायचं नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलंय. सकाळचं जमतं. संध्याकाळी मात्र दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंचा हरिपाठ असतो, आणि मी शेजारी बसून टाळ धरावा असं त्यांना वाटतं. मलाही तो आवडतो, लहानपणापासून पाठ आहे. पण साधना करताना नामजप मिसळू नका, अशी तिथे स्पष्ट सूचना होती.

तुमच्यापैकी कुणी वर्षानुवर्षं दोन्ही सांभाळलंय का? वेळ वेगळी ठेवली तर पुरतं का? आणि त्यांचं मन न दुखवता हे कसं सांगू?