फोर्ट्रानचं खरं श्रेय
फोर्ट्रान ही पहिली उच्चस्तरीय (म्हणजे यंत्राच्या आकड्यांऐवजी माणसाला सहज कळेल अशी) प्रोग्रामिंग भाषा, असं म्हटलं जातं, त्यात थोडी भर. संगणक बनवणाऱ्या कोनराड त्सूझंनी 'प्लानकाल्क्यूल' या प्रोग्रामिंग भाषेचा आराखडा जर्मनीत १९४५ पर्यंतच तयार केला होता. तो पूर्ण छापून आला मात्र थेट १९७२ मध्ये. मँचेस्टरला ॲलिक ग्लेनींचा ऑटोकोड, अशीच एक सुरुवातीची प्रणाली, १९५२ चा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत लॅनिंग आणि झिअर्लर यांनी व्हर्लविंड संगणकाला बीजगणिती सूत्रं थेट समजावून दिली, तीही फोर्ट्रानच्या आधी.

मग १९५७ च्या फोर्ट्रानचं मोठेपण कशात? माझ्या मते कंपायलरमध्ये, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या कोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये. हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान कोड यंत्र तयार करू शकेल, यावर तेव्हाच्या प्रोग्रामरांचा विश्वासच नव्हता. संगणकाचा वेळ महाग, त्यामुळे संथ कोड कोणी वापरलाच नसता. म्हणून फोर्ट्रान घडवणाऱ्या जॉन बॅकस यांच्या चमूने आयबीएम ७०४ या संगणकासाठी सगळी ताकद ऑप्टिमायझेशनवर, म्हणजे कोड वेगवान करण्यावर लावली. ७०४ मध्ये इंडेक्स रजिस्टर (यादीतल्या घटकांचे पत्ते मोजायला लागणाऱ्या प्रोसेसरमधल्या छोट्या जागा) जेमतेम तीन, ती कुठे वापरायची हे कंपायलरच ठरवायचा. प्रोग्रामचा कुठला भाग किती वेळा चालेल याचा अंदाज तो माँटे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक आकडे वापरून, घ्यायचा! हा अंदाज घेण्याचं काम लोइस हेट यांचं. त्यांचं नाव या चर्चेत यायलाच हवं.