मोटरहोमचा गॅस पंपावर भरताना: सिलिंडर कोणता, किती भरायचा आणि मालक कोण

सायली: एक विचारायचं होतं. मोटरहोममध्ये (राहायची सोय असलेल्या गाडीत) ११ किलोचे दोन राखाडी सिलिंडर आहेत, जर्मनीत घेतलेले. ऑटोगॅसच्या (गाड्यांच्या इंधनाच्या एलपीजीच्या) पंपावर अॅडॉप्टर लावून भरता येतात असं वाचलं. अॅडॉप्टर ऑनलाइन सहज मिळतोय. मागवू का?

मंदारदादा: थांब, मागवू नकोस. अॅडॉप्टर बसतो आणि गॅसही आत जातो. पण तो थांबणार कुठे? पंपाला सिलिंडरचा आकार कळत नाही, तो दाबाने ढकलत राहतो. गाडीच्या इंधनाच्या एलपीजी टाकीत तरंगता फ्लोट असतो, तो ८० टक्क्यांवर आत येणारी वाट बंद करतो. रिकामा देऊन भरलेला घ्यायच्या, म्हणजे अदलाबदलीच्या साध्या सिलिंडरमध्ये हा फ्लोट नसतो.

सायली: मग पंपाच्या मीटरवर लिटर बघून आपणच थांबलो तर?

श्रीकांतकाका: सायली, इथेच सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ११ किलोच्या सिलिंडरचं पाण्याने मोजलेलं आकारमान २७.२ लिटर. त्याचे ८० टक्के म्हणजे साधारण २१.८ लिटर. १५ अंशांना द्रव प्रोपेनचं वजन लिटरमागे सुमारे ०.५१ किलो, म्हणजे झाले ११ किलो. हिशोब बरोबर जुळतो. पण सिलिंडर पूर्ण रिकामा असेल तरच. आत ३ किलो उरलेत की ४, हे शेगडीच्या ज्योतीवरून कळत नाही. उरलेल्याचा अंदाज चुकला की तेवढंच जास्त भरलं जातं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

श्रीकांतकाका: आता ८० टक्केच का, ते बघ. द्रव प्रोपेन उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. १० अंशांना ८० टक्के भरलेला सिलिंडर ५० अंशांना सुमारे ९२ टक्के होतो, तरीही वर वाफेला जागा उरते. तोच सिलिंडर १० अंशांना ९५ टक्के भरला, तर २७-२८ अंशांनाच काठोकाठ होतो. सकाळी थंडीत भरलेला आणि दुपारी उन्हात तापलेल्या, गाडीतल्या सिलिंडरच्या कप्प्यात ठेवलेला सिलिंडर एवढं तापमान सहज गाठतो. एकदा वाफेची जागा संपली की दाब वाफेच्या नियमाने वाढत नाही. न दबणारा द्रव स्टीलला आतून रेटू लागतो आणि दर अंशाला दाब काही बारने (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) चढतो. युरोपातल्या या सिलिंडरची चाचणी सहसा ३० बारला झालेली असते. सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर तो त्याआधी उघडतो आणि प्रोपेनचा फवारा कप्प्यात येतो.

श्रीकांतकाका: एक लिटर द्रव प्रोपेनची वाफ होते सुमारे २७० लिटर. हवेत २ टक्के प्रोपेन मिसळलं की ते पेट घेऊ शकतं. म्हणजे लिटरभर गळतीतून १२-१३ घनमीटर पेटू शकणारी हवा तयार होते. मोटरहोमच्या आतली निम्मी जागा समज. आणि प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ते वर जाऊन निघून जात नाही, तळाशी साठतं.

आदित्य: काका, मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात उलटा धरून भरतात तसं करायचं का? पंपाला जायलाच नको.

श्रीकांतकाका: नाही रे आदित्य. ते तर पंपापेक्षा वाईट. त्यात मीटर नाही, फ्लोट नाही, नळी सोडताना अडकलेला द्रव हातावर येतो. वायुदाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, तेव्हा त्वचा लगेच गोठते. शिवाय भरणारा माणूस वजन न करता "थंड करून ओढून घेऊ" म्हणतो, आणि थंड केलेला सिलिंडरच सगळ्यात जास्त भरला जातो.

रेवतीमावशी: कायद्याचं मी सांगते. पहिला प्रश्न सिलिंडर कुणाचा हा. जर्मनीत राखाडी सिलिंडर सहसा ग्राहकाच्या मालकीचा असतो, लाल अनामतीवर दिलेला, कंपनीचा. पण सायलीचा राखाडी आहे म्हणून तो पंपावर भरता येईल असं नाही. तिथे साध्या सिलिंडरला ऑटोगॅस पंपावर भरायची परवानगीच नाही, मालक कुणीही असो. रिकामा द्यायचा आणि भरलेला घ्यायचा, किंवा वजन करून भरणाऱ्या अधिकृत केंद्रात भरून घ्यायचा, एवढंच.

रेवतीमावशी: ब्रिटनमध्ये अदलाबदलीचा सिलिंडर कंपनीच्याच मालकीचा राहतो. आपण भरतो ते गॅसचे आणि वापराचे पैसे, सिलिंडरचे नाही. तो परस्पर भरला तर कराराचा भंग तर होतोच, शिवाय पुढच्याला जास्त भरलेला सिलिंडर मिळण्याची जोखीम. अमेरिकेत २००२ पासून ४ ते ४० पौंडांच्या प्रोपेन सिलिंडरला जास्त भरणं रोखणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि तो ओळखायचा त्रिकोणी मुठीवरून. तरीही तिथे भरणारा वजन करूनच भरतो. २० पौंडांच्या सिलिंडरवर WC (आत मावणाऱ्या पाण्याचं वजन) नावाच्या शिक्क्यापुढे ४७.६ पौंड असतं, त्याच्या ४२ टक्के, म्हणजे २० पौंड प्रोपेन. एकदाच वापरायच्या १ पौंडाच्या डब्या मात्र तिथे पुन्हा भरून नेणं गुन्हा आहे. दंडाचा आकडाही डबीवरच छापलेला असतो.

सायली: मग लोक पंपावर भरतात ते कसं?

मंदारदादा: ते वेगळे सिलिंडर असतात. त्यांना पुन्हा भरायचा सिलिंडर किंवा टाकी-सिलिंडर म्हण. त्यात ८० टक्क्यांचा स्टॉप, भरण्याच्या वाटेत मागे गॅस न जाऊ देणारा (नॉन-रिटर्न) व्हॉल्व्ह, पातळी दाखवणारा काटा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे सगळं असतं. काहींना वाहनातल्या एलपीजी टाक्यांचं ईसीई आर६७ प्रमाणपत्रही असतं. हे गाडीत पट्ट्याने घट्ट बांधलेले, आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला भरायचं तोंड. सिलिंडर काढून पंपाजवळ जमिनीवर ठेवून भरायचा नाही. तिरका ठेवला तर फ्लोट उशिरा बंद होतो आणि ८० टक्क्यांवर विसंबणं संपलं. गाडी उतारावर उभी असेल तरीही तसंच.

मंदारदादा: दोन सिलिंडर एका भरणीच्या नळीने जोडले असतील तर प्रत्येकाच्या तोंडाशी स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. एक उन्हात, एक सावलीत असला की उष्ण बाजूचा गॅस थंड बाजूला जातो आणि थंड सिलिंडर ८० च्या वर जातो. जोडणी करणारे नेमकं हेच विसरतात.

सायली: आणि पंपावर काय करायचं, क्रमाने सांगाल?

मंदारदादा: पंपाच्या आवारात शिरण्यापूर्वीच सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद. शेगडी, हीटर, गरम पाण्याचा बॉयलर बंद. फ्रीज "ऑटो"वर ठेवू नकोस, पूर्ण बंद कर. ऑटोवरचा फ्रीज इंजिन बंद झाल्यावर काही वेळाने आपोआप गॅसवर जातो, आणि ज्योत पेटवायची ठिणगी टाकतो, तेही पंपाशेजारी. हे फार कमी लोकांना माहीत असतं. मग इंजिन बंद, सगळे खाली. हातमोजे घाल. युरोपात नोझलचे चार प्रकार भेटतात: डिश, बायोनेट, अॅक्मे आणि युरोनोझल. देशानुसार अॅडॉप्टर लागतो, त्याचा वॉशर फाटलेला नाही ना बघ. नोझल अडकवून पंपाचं बटण दाबून धरायचं. सोडलं की पंप थांबतो, म्हणून बटणाला काहीतरी टेकवून ते दाबलेलं ठेवायची युक्ती करू नये. काढताना "फुस्स" असा लहानसा आवाज आणि पांढरी वाफ येते, ती ठीक.

श्रीकांतकाका: पहिल्यांदा भरताना फ्लोटवर आंधळा विश्वास नको. सिलिंडर खरोखर रिकामा असताना भर. २७.२ लिटरच्या सिलिंडरमध्ये पंप २१-२२ लिटरच्या आसपास स्वतः थांबायला हवा. २२ ओलांडले की बटण सोड. फ्लोट अडकला आहे, तो सिलिंडर वापरात घ्यायचा नाही.

आदित्य: भरल्यानंतर गळती कशी बघायची?

श्रीकांतकाका: साबणाचं पाणी, अमोनिया नसलेलं, प्रत्येक जोडावर. बुडबुडा वाढत गेला तर गळती. काडी पेटवून बघू नये. कप्पा घराच्या भागापासून बंदिस्त हवा आणि तळाशी बाहेर उघडणारं छिद्र मोकळं. फक्त तळाशीच वाट असेल तर युरोपच्या मानकात ती कप्प्याच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या निदान २ टक्के, आणि कमीत कमी १०० चौ. सेंमी लागते. तिथे पिशवी किंवा दोर पडला की ती वाट बंद.

रेवतीमावशी: तपासणीची तारीखही पाहा. ती सिलिंडरवर ठोकलेली असते. तारीख उलटल्यावर आतला गॅस संपेपर्यंत वापरता येतो, पण पुन्हा भरायचा नाही.

मंदारदादा: पंपावरचा ऑटोगॅस म्हणजे शुद्ध प्रोपेन नाही, प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण. प्रमाण देशानुसार आणि ऋतूनुसार बदलतं. ब्युटेन शून्याच्या आसपास उकळायचं थांबतं, मग काट्यावर गॅस दिसतो पण हीटर विझतो. थंडीत जाणार असशील तर जिथे हिवाळी मिश्रण मिळतं तिथे भर. शिवाय ऑटोगॅसमधून तेलकट गाळ रेग्युलेटरपर्यंत येतो. म्हणून रेग्युलेटर भिंतीवर, सिलिंडरच्या तोंडापेक्षा वर लावतात, नळी चढती ठेवतात आणि मध्ये फिल्टर घालतात. त्या गाळाने ३० मिलिबारचा दाब ढासळला की शेगडीची ज्योत पिवळी पडते.

सायली: माझ्या दोन्हींवर फ्लोट नाही. एकावर टेअर, म्हणजे रिकाम्या सिलिंडरचं वजन, १२.४ किलो आहे. पंपावर भरणार नाही. पण हाच सिलिंडर आधीच्या मालकाने भरून दिलाय, तो किती भरलाय कसं कळणार?

श्रीकांतकाका: वजन कर. टेअर १२.४ अधिक ११, म्हणजे २३.४ किलो. वजन त्यापेक्षा जास्त आलं तर तो जास्त भरलेला आहे. उन्हापासून दूर, उभा, हवेशीर जागी ठेव. व्हॉल्व्ह उघडून बाहेर सोडत बसू नकोस. जवळच्या अधिकृत वितरकाला फोन करून सांग की सिलिंडर जास्त भरलेला आहे, ते काय करायचं ते सांगतील आणि तो सुरक्षित रिकामा करतील.

सायली: वजन २४.९ किलो भरतंय काका. ताबडतोब सावलीत नेते, फोन लावते.

रेवतीमावशी: गाडीतून नेऊ नकोस, त्यांनाच न्यायला सांग.