माहिती कोणाला दिली ते विचारलं, तर कंपन्या खरंच सांगतील?

कापूसवाला, दारव्हा
बियाण्याचा एक व्हिडिओ पाहिला की मागून फवारणीच्या औषधांच्या जाहिराती सुरू. आपली कोणती माहिती वापरता याचा गोषवारा द्या आणि ती ज्यांना दिली त्यांची नावं सांगा, असं कंपनीला विचारायचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ११ ने दिला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, हा हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. कायद्यातला सर्वांत मोठा दंड २५० कोटींपर्यंत, म्हणून कंपन्या कायदा मोडणार नाहीत. पाळतील, पण आपल्या हाती काही लागणार नाही असा. फेसबुकवर माहिती उतरवून घ्यायची सोय २०१० पासून आहे. त्यात बहुतेक आपणच टाकलेले फोटो नि गप्पा. आणि नावं? ते म्हणतील, आम्ही माहिती विकतच नाही. जाहिरातदार म्हणतो कापूसवाल्यांना दाखवा, आम्ही दाखवतो, त्याला तुमचं नाव कळत नाही. खोटंही नाही ते.

संत्रा, वरुड
मंग कायदाच नको का भाऊ? अर्धी नावं आली तरी भांडाले जागा होते. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या प्रायव्हसी धोरणावरून स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मंधी फेसबुक-व्हॉट्सॲपवाल्या मेटाले २१३.१४ कोटींचा दंड ठोकला. कायदा कागदावर होता म्हणून ठोकला ना!

मास्तर, मेहकर
दंडाने ते बदलत नाहीत, वाट बदलतात. युरोपात नोव्हेंबर २०२३ मध्ये मेटाने सांगितलं, जाहिराती नकोत तर वेबवर महिना ९.९९ युरो भरा, नाहीतर माहिती वापरायला संमती द्या. त्यावरून एप्रिल २०२५ मध्ये २० कोटी युरो दंड झाला. इथे पैसे कोण भरणार? सगळे ‘मान्य’वर बोट ठेवतील. अठराखालच्या पोरांना पालकांची संमती लागणार म्हणे. आमच्याकडे बापाचं खातं पोरगंच काढून देतं. संमतीही तेच देईल.

अंगणवाडी ताई
तुम्ही सगळे एका माणसाचा एक फोन धरून बोलताय. आमच्या घरी फोन एक, नंबर सासऱ्यांचा. दिवसा पोराचा अभ्यास, रात्री मी नि नणंद. उद्या सासऱ्यांनी गोषवारा मागवला तर नणंदेनं दवाखान्याचं काय शोधलं तेही त्यांच्यापुढे येणार. कंपनीला कळलं तर जाहिरात येते. घरात कळलं तर काय होतं, ते बायांना विचारा.

संत्रा, वरुड
वेगळं खातं काढा ना ताई.

अंगणवाडी ताई
काढलं. ओटीपी सासऱ्यांच्याच नंबरवर येतो.

सेतूवाला, कारंजा
कंपन्यांवर कायले तुटून पडता? सरकार अधिसूचना काढून आपल्याच यंत्रणांले सूट देऊ शकते, याच कायद्याचं कलम १७ पाहा. वरून कलम ४४ नं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमच बदललं. आता विहिरीच्या अनुदानाची यादी मागा, ‘वैयक्तिक हाय’ म्हणून वापस.

मास्तर, मेहकर
जनहित मोठं असेल तर माहिती द्यायची वाट माहिती अधिकाराच्या कलम ८(२) मध्ये अजून आहे. पण मुद्दा वेगळा आहे, तो इथे नको.

सेतूवाला, कारंजा
तुमाले वेगळा वाटते, कारण तुमची विहीर झाली.

कापूसवाला, दारव्हा
मूळ मुद्द्यावर या. संमतीची विनंती मराठीत मागता येते, कायद्यात तसं लिहिलं आहे. गोषवाऱ्याच्या कलमात भाषेचा शब्द नाही. कंपनी इंग्रजीत गठ्ठा पाठवेल नि म्हणेल, घ्या, दिलं.

मास्तर, मेहकर
शाळेत आणा, मी वाचून देतो.

अंगणवाडी ताई
म्हणजे सासऱ्यांच्या आधी मास्तरांना कळणार!