कॅल्क्युलसचा पेपर: सोडवलेली गणितं वाचत बसणं हा अभ्यास आहे का?

चौकटीची_वही

परीक्षा जवळ आली की मुलं कॅल्क्युलसची वही उघडतात आणि सोडवलेली गणितं वाचायला लागतात. ओळीमागून ओळ पटत जाते, मान डोलते, प्रकरण 'झालं' म्हणून पान उलटलं जातं. माझ्या मते हा अभ्यासच नव्हे. दुसऱ्याने सोडवलेलं गणित सोपंच वाटतं, कारण त्यातलं खरं अवघड काम, म्हणजे सुरुवात कुठून करायची हे ठरवणं, आधीच कोणीतरी उरकून ठेवलेलं असतं.

ही तीन इंटिग्रल्स (डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर, त्याच्या उलट क्रियेची गणितं) बघा. पहिलं, क्ष गुणिले ईचा क्ष घात. दुसरं, क्ष गुणिले ईचा क्ष-वर्ग घात. तिसरं, नुसता ईचा क्ष-वर्ग घात. दिसायला सख्खी भावंडं. पण पहिलं बाय पार्ट्सने (गुणाकाराचे दोन भाग वेगळे हाताळून) सुटतं, दुसरं सब्स्टिट्यूशनने (क्ष-वर्गाला नवं अक्षर देऊन) दोन ओळींत संपतं आणि तिसऱ्याचं उत्तर शाळेत शिकवलेल्या कुठल्याही फलनांत लिहिताच येत नाही. पुस्तकात 'बाय पार्ट्स' या मथळ्याखाली सगळी बाय पार्ट्सचीच गणितं असतात. पद्धत कोणती ते मथळाच सांगून टाकतो. पेपरात मथळे नसतात.

२००७ साली रोहरर आणि टेलर या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, काहींनी चारही प्रकार मिसळून. सरावात सलगवाले पुढे होते, ८९ टक्के विरुद्ध ६०. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा मिसळवाल्यांना ६३ टक्के आणि सलगवाल्यांना २०. सरावात छान जमतंय ही भावना किती फसवी असते ते यात दिसतं.

तेव्हा पुस्तक मिटा, प्रकरणं मिसळा, घड्याळ लावा. अडलात तर पहिली ओळ तेवढी बघा आणि पुन्हा मिटा.

हात_बसू_दे

असहमत. प्रयोग ठीक आहे, पण चार घनफळांची चार सूत्रं म्हणजे कॅल्क्युलस नव्हे. ज्याला चेन रूल (फलनाच्या आत फलन असताना डेरिव्हेटिव्ह घ्यायचा नियम) लावताना अजून आतलं फलन आणि बाहेरचं फलन कळत नाही, त्याच्यापुढे मिसळलेली वीस गणितं टाकलीत तर तो पाव तास कागदाकडे बघत बसेल आणि 'आपल्याला जमणार नाही' असं ठरवून मोकळा होईल. ही मुलं तुमच्या टक्केवारीत कुठे दिसतात?

आधी सूत्रं तोंडपाठ. साइन, कॉस, टॅन, लॉग, ईचा क्ष घात, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. मग एकाच छापाची गणितं हात थांबेपर्यंत. 'घोकंपट्टी' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना पाढे येतात, ते कसे आले हो?

मधली_सुट्टी

तुम्ही दोघं कॅल्क्युलसवरून भांडताय आणि मार्क जातायत बीजगणितात.

क्षचा चौथा घात वजा ८ क्ष-वर्ग, याची कमाल-किमान मूल्यं काढा. डेरिव्हेटिव्ह सगळ्यांना येतो: ४ क्ष-घन वजा १६ क्ष. शून्याशी समीकरण मांडलं, आणि लगेच दोन्ही बाजूंना क्षने भागून मोकळे! उत्तर २ आणि वजा २. क्ष बरोबर शून्य हे उत्तर भागाकारात गडप झालं, आणि नेमकं तिथेच या फलनाचं स्थानिक कमाल मूल्य आहे. क्षने भागू नका, सामाईक काढा, एवढी एक सवय. वजा चिन्ह कंसाबाहेर काढणं आणि अपूर्णांकांची बेरीज यांचीही तीच गत. माझं मत: पहिला दिवस नुसता बीजगणिताला आणि त्रिकोणमितीच्या नित्य समीकरणांना द्यावा.

चौकटीची_वही

@मधली_सुट्टी: हे मी धाग्याच्या सुरुवातीलाच घालायला हवं होतं. अगदी मान्य.

@हात_बसू_दे: हात बसवायला माझी ना नाही. एकाच छापाची पाच-सहा गणितं जरूर करा. पण त्यापुढे डोकं झोपतं आणि हात चालत राहतो. (साइन क्ष)चा वर्ग आणि साइन (क्ष-वर्ग) ही दोन एकाखाली एक द्या. पहिल्याचा डेरिव्हेटिव्ह २ साइन क्ष कॉस क्ष, दुसऱ्याचा २क्ष कॉस (क्ष-वर्ग). पहिल्या छापाची तीस सलग केलेला मुलगा दुसऱ्यालाही तोच साचा लावतो. पाढ्यांचं म्हणाल तर सात आठं किती हे कळायला आधी 'इथे गुणाकार करायचा आहे' हे कळावं लागतं.

मुळापासून

दोन्ही बाजू पद्धतींवरच बोलतायत. अर्थाचं काय? वजा १ ते १ पर्यंत 'एक भागिले क्ष-वर्ग' याचं इंटिग्रल काढायला सांगा. सूत्र पाठ असलेला मुलगा झटक्यात लिहितो: वजा एक भागिले क्ष, वरची किंमत वजा १, खालची १, उत्तर वजा २. अहो, फलन सगळीकडे धन आहे! त्याच्याखालचं क्षेत्रफळ ऋण कसं येईल? शून्यापाशी फलन फुटतं, तिथे कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेय (वरची-खालची किंमत घालायची रीत ज्यावर उभी आहे ते) लागूच होत नाही आणि इंटिग्रलला सांत किंमतच नाही. मिसळा नाहीतर सलग करा, आलेख काढायची सवय नसेल तर हे कोणालाच दिसणार नाही.

लोपितालच्या नियमाचंही (लिमिट काढताना वर-खाली डेरिव्हेटिव्ह घ्यायचा नियम) तेच. क्ष शून्याकडे जाताना कॉस क्ष भागिले (क्ष + १), याची लिमिट नुसती किंमत घालून १ येते. मुलं वर-खाली डेरिव्हेटिव्ह घेऊन शून्य आणतात. शून्य भागिले शून्य किंवा अनंत भागिले अनंत असं रूप आहे का, हे आधी कोणी तपासतच नाही. म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक सूत्राशेजारी ते कधी लागतं आणि कधी लागत नाही, हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावं. सूत्रांचा नुसता तक्ता म्हणजे अर्धीच माहिती.

हात_बसू_दे

आणि हे सगळं पेपरात कधी करायचं? प्रॉडक्ट रूल (गुणाकाराच्या डेरिव्हेटिव्हचा नियम) व्याख्येपासून सिद्ध करत बसायचा का? पेपर वेळेत संपवणं हेही कौशल्य आहे, आणि वेग येतो पाठांतरातून.

मुळापासून

सिद्ध कुठे करायला सांगितलं? शंका आली तर क्ष गुणिले क्ष घ्या. डेरिव्हेटिव्हचा नुसता गुणाकार केला तर १ येतो, पण क्ष-वर्गाचा डेरिव्हेटिव्ह २क्ष आहे. म्हणजे नुसता गुणाकार चालत नाही. याला पाच सेकंद लागतात.

रफ_पान

एक फुकटचा फायदा कोणीच सांगितला नाही. इंटिग्रलचं उत्तर बरोबर आहे का, हे बघायला उत्तरसूची लागत नाही. उत्तराचा डेरिव्हेटिव्ह घ्या, मूळ फलन परत आलं पाहिजे. सरावात प्रत्येक गणिताला हे केलं की डेरिव्हेटिव्हचा सराव आपोआप होतो, वर स्थिरांक (इंटिग्रलच्या उत्तराशेवटी लिहायचा 'अधिक C') लिहायचा राहिला तर तोही लक्षात येतो.

(खरं तर नाही येत! स्थिरांकाचा डेरिव्हेटिव्ह शून्य, त्यामुळे तो विसरलात तरी ताळा जुळतोच. तेवढा मात्र डोक्यातच ठेवावा लागतो.)

शेवटचा_बाक

मी स्वतः विद्यार्थी. पेपर पुढच्या आठवड्यात आहे. तुमचं सगळं वाचलं, पण माझं एक गणित अडलंय. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली आहे, खालचं टोक सेकंदाला १ मीटर वेगाने भिंतीपासून दूर सरकतंय. ते ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने घसरतं? पायथागोरसने उंची ४ काढली, डेरिव्हेटिव्ह घेतला की शून्य येतं. दरवेळी.

मुळापासून

कारण ४ ही किंमत तू डेरिव्हेटिव्हच्या आधी घातलीस. आकडा घातलास की ती राशी गोठली, मग तिचा बदलाचा दर शून्यच येणार. आधी बदलत्या राशींचं समीकरण लिही: क्ष-वर्ग अधिक य-वर्ग बरोबर २५. मग काळाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घे: २क्ष गुणिले क्षचा दर, अधिक २य गुणिले यचा दर, बरोबर शून्य. आता कुठे ३, ४ आणि १ आत सोड. आणि या सगळ्याच्या आधी आकृती. तीत न बदलणाऱ्या लांबीलाच आकडा द्यायचा, इथे तो फक्त शिडीचा ५. बाकी दोन बाजूंना अक्षरंच राहू देत.

शेवटचा_बाक

वजा पाऊण आलं! सेकंदाला पाऊण मीटर. पण वजा का?

रफ_पान

उंची कमी होतेय म्हणून. उत्तरात 'पाऊण मीटर प्रति सेकंद, खालच्या दिशेने' असं लिही. एकक विसरू नकोस.

हात_बसू_दे

शाब्बास. आता लगेच शिडीचीच अजून पाच कर, आकडे बदलून. हात बसला पाहिजे.

चौकटीची_वही

शिडीचं एक पुरे. मग शंकूत पाणी भरण्याचं एक, सावलीचं एक, आणि मध्येच एखादं असं ज्यात दराचा संबंधच नाही.

शेवटचा_बाक

शंकूचं करायला घेतो. त्यात त्रिज्या आणि उंची दोन्ही बदलतायत, मग अक्षरं किती ठेवायची?

मुळापासून

एकच. समरूप त्रिकोणांवरून त्रिज्या उंचीत लिही आणि मगच डेरिव्हेटिव्ह घे.