सूर्याला खळं पडलंय, रॅकवर माल आहे. पडदे सोडू का?

प्रश्न: भाग तासगाव. बेदाणा शेडवर द्राक्षांचा माल सुकायला टाकून सहा दिवस झाले. सकाळपासून पिंजलेल्या कापसासारखे ढग पश्चिमेकडून येतायत, दुपारी सूर्याभोवती खळं दिसलं. पडदे सोडले तर वारा अडून माल सुकत नाही, उघडे ठेवून भिजला तर काळा पडतो. उपग्रहाच्या चित्रात सगळं पांढरंफटक आहे.

प्रतिसाद १: आत्ता सोडू नका. पिंजलेला कापूस म्हणजे सिरस. सहा किमीच्या वर असतो, सगळा बर्फाच्या स्फटिकांचा. ढगाला ज्या शेपट्या दिसतात ते गळणारे स्फटिकच, पण खालच्या कोरड्या हवेत ते वाटेतच विरतात.

खळं पडतं सिरोस्ट्रेटसमुळे, म्हणजे आभाळभर पसरलेल्या पातळ उंच ढगामुळे, त्याच्या षटकोनी स्फटिकांतून प्रकाश वळून. सूर्य खांबाआड झाकून हात लांब करा, वीत ताणा. अंगठा सूर्याच्या जागी धरला तर कडं करंगळीच्या टोकाजवळ, साधारण २२ अंशांवर येतं. सूर्याला चिकटून लहान रंगीत चकती असेल, तर ते खळं नव्हे.

'खळं पडलं की पाऊस' हे युरोपात बऱ्याचदा जमतं, कारण तिथे उष्ण हवेच्या आघाडीपुढे (थंड हवेवर चढत येणाऱ्या उष्ण हवेच्या पुढे) आधी सिरस, मग सिरोस्ट्रेटस, मग अल्टोस्ट्रेटस (मधल्या उंचीवरचा जाडसर ढग) अशी रांगच लागते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चात हे ढग बहुतेकदा वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर येतात आणि खाली ओलावा नसला की तसेच पुढे जातात. म्हणून खळ्यापेक्षा सावली बघा. खळं आहे आणि खांबाची सावली पडतेय, तोवर थांबा. खळं पुसलं, सूर्य दुधी काचेआड गेल्यासारखा झाला, सावली नाहीशी झाली, की ढग जाड होऊन खाली येतोय. तेव्हा माणसं बोलवा.

प्रश्नकर्ता: आणि उपग्रहाचं चित्र?

प्रतिसाद २: तुम्ही बहुधा इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणारं चित्र बघताय. त्यात जितकं थंड तितकं पांढरं, त्यामुळे विरळ सिरसही पांढराशुभ्र दिसू शकतो. दिवसा दृश्य प्रकाशाचं चित्र शेजारी लावा. तिथे फिकट असेल तर ढग पातळ. दोन्हीकडे लख्ख आणि गोळा झालेला असेल तर सावध.

एका ढगाला मात्र हे काही लागू नाही. दुपारनंतर एकाच दिशेला ऐरणीसारखा सपाट, दाट माथा पसरताना दिसला, तर तो वळवाच्या ढगाचा माथा. खळ्याची, सावलीची वाट न बघता त्या बाजूचे पडदे आधी सोडा. 'दामिनी' ॲपवर विजेचा इशारा आला तर लोखंडी रॅकपासून माणसं लांब ठेवा.

रात्री पातळ उंच ढग राहिला तर जमिनीची उष्णता अडते, दव कमी पडतं. फक्त दवाच्या भीतीने पडदे सोडायची गरज नाही.