मदत हवी आहे: एसी आणि गिझरसाठी ४ स्क्वेअर एमएमची वायर घ्यावी का?

जुना फ्लॅट आहे, वायरिंग कन्सील्ड, आणि बेडरूमच्या एका पॉइंटवर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी नि बाजूच्या बाथरूममध्ये २ किलोवॅटचा गिझर लावायचाय. डीबीपासून (घरातली मेन स्विचची पेटी) अंतर साधारण १८ मीटर. सध्या तिकडे २.५ स्क्वेअर एमएमची एकच तांब्याची वायर गेलीये, इलेक्ट्रिशियन म्हणतो दोन्ही तिच्यावरच चालतील, फक्त एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) ३२ अँपिअरचा टाकू. मला हे अजिबात पटत नाही, कारण एमसीबी वायर वाचवायला असतो, वायर तापली तरी तो ट्रिप झाला नाही तर उपयोग काय? गिझर एकटाच ९ अँपिअरच्या आसपास घेतो, वर एसी.

म्हणून दोन्हीला वेगळी लाइन, वेगळा २० चा एमसीबी असं ठरवतोय. अर्थिंग आहे, आरसीसीबी (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) पण आहे, सँक्शन लोडही (वीज कंपनीने मंजूर केलेला लोड) पुरेसा आहे. अडचण पाइपची, पाऊण इंची एकच आहे, वायर ओढायची स्प्रिंग टाकून बघितली, आरपार जाते पण दोन बेंड आहेत, आणि भिंत फोडायची नाहीये. वायर आयएसआय मार्कचीच घेणार, एफआर (आग पसरू न देणारी) की एचएफएफआर (तशीच, पण हॅलोजन नसलेली) ते अजून ठरलं नाही.

तर जुनी वायर काढून त्या पाइपातून ४ च्या दोन लाइन, म्हणजे अर्थ धरून सहा वायरी, ओढता येतील का, की गिझरला २.५ आणि एसीला ४ पुरेल?