उल्हास नदीचा काठ सरकला, की नकाशावरची रेघ?

खारेगावकर : ठाण्याजवळच्या खारेगाव ते काशेळी या पट्ट्यातील उल्हास नदीच्या काठाचा मी अभ्यास करीत आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे इंचाला एक मैल प्रमाणाचे जुने भूपत्रक (नकाशाचा एक ताव) आणि नंतरचे १:५०,००० चे भूपत्रक एकमेकांवर ठेवले असता जुने पात्र बरेच रुंद भासते. एवढ्यावरून नदी आक्रसली, असे लिहिणे योग्य ठरेल का?

नकाशावाचक : इतक्यात तसे लिहू नये. आधी पत्रकाच्या समासात दिलेले सर्वेक्षणाचे वर्ष पाहावे. छपाईचे वर्ष वेगळे असते. शिवाय ७३ अंश पूर्व रेखावृत्त याच भागातून जात असल्यामुळे ठाणे शहर ४७ ए/१६ या क्रमांकाच्या पत्रकावर, तर मुंब्रा आणि दिवा ४७ ई/४ वर येतात. दोन्ही पत्रकांची मोजणी एकाच काळातली आहे का, हे तपासल्याशिवाय जोडावरचा काठ ओढूनताणून जुळवू नये.

जिओरेफरन्सिंगसाठी, म्हणजे जुना नकाशा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवण्यासाठी, नियंत्रणबिंदू (जुळवणीसाठी स्थिर धरलेल्या जागा) काठावरचे तर मुळीच घेऊ नयेत, कारण जे सरकले की नाही हे ठरवायचे आहे, तेच आपण स्थिर धरून बसतो. पारसिकच्या डोंगराची शिखरे, आणि मोजणी १९१६ नंतरची असल्यास पारसिक बोगद्याची दोन्ही तोंडे, अधिक भरवशाची आहेत. जुनी पत्रके एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर) बेतलेली असल्याने ती रूपांतर न करता डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जीपीएसच्या प्रतिमानावर बसवली, तर अख्खा नकाशाच सरकतो. इंचाला एक मैल, म्हणजे १:६३,३६० प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सुमारे ३२ मीटर भरते; त्याहून लहान फरकावर मी तरी एक वाक्यही लिहिणार नाही.

दिवेकर : खाजणाचा, म्हणजे भरतीचे पाणी येणाऱ्या खारजमिनीचा, विचारही व्हायला हवा. येथे भरतीचे पाणी खूप आतपर्यंत येते. शेतकऱ्यांनी बांध घालून, उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) बसवून भातासाठी जमीन राखली, की नकाशावरचा काठ बांधापाशी येतो. पण तेवढ्याने नदीने गाळ टाकला असे होत नाही. उलट बांध फुटून दुरुस्त झाला नाही, तर काही वर्षांत तिथे तिवरे (खारफुटीची झाडे) माजतात. म्हणून बांधाची खूण दोन्ही पत्रकांवर कोठे आहे, हे आधी शोधावे.

खारेगावकर : जुन्या पत्रकावर खारेगावच्या बाजूला बांधाची खूण आहे, नव्यावर नाही, तेथे आज भराव आहे.

दिवेकर : मग त्या तुकड्यापुरते 'पात्र आक्रसले' असे न लिहिता 'खाजण बुजवले गेले' असे लिहावे, आणि काशेळीकडचा काठ स्वतंत्रपणे मोजावा.